लांबच्या दोन बाजू

पैज लागली तेव्हा शिंपीकाकांच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून त्यांचं पहिलं वाक्य कुणालाच कळलं नाही. त्यांनी टाचण्या तळहातावर काढल्या, घसा खाकरला आणि सगळ्या कोपऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं, "छातीठोक सांगतो! तो मास्तर रोज एवढा फेरा मारून इथून जातो ना, तो आपल्या या पोरीसाठी!"

आपली ही पोरगी म्हणजे फ्रेमवाली. फोटोंना, चित्रांना, शाळेतल्या बक्षिसाच्या कागदांना चौकटी करून देणारी. तिची करवत अर्ध्या पट्टीतच अडकली.

"काका, गळ्यातली टेप जरा सैल करा. वर हवा पोचत नाहीये तुमच्या."

"मग येतो कशाला तो? सांग की!"

"कुत्र्यामुळे."

"कुत्र्यामुळे?"

"कुत्र्यामुळे!"

आता हे कुत्र्याचं प्रकरण समजायचं तर ती बाग डोळ्यांपुढे आणायला हवी. तिकोनी बाग. दोन बाजू लांबलचक आणि तिसरी आखूड. दोन लांब बाजू जिथे भेटत, त्या टोकाला तीन दुकानं होती. अलीकडे शिंपीकाका, मधे फ्रेमवाली, पलीकडे लाँड्रीवाल्या मावशी. दुकानं अशी खेटून की एकीकडे कुणी शिंकलं तर दुसरीकडे इस्त्री थांबायची. आणि समोर, झाडांच्या पलीकडे, बागेची ती आखूड बाजू. तिच्या एका टोकाला शाळेचं फाटक, दुसऱ्या टोकाला मास्तरांची भाड्याची खोली. म्हणजे मास्तरांनी खोलीतून निघावं, नाकासमोर चालावं की शाळा. विषय संपला!

पण हा माणूस खोलीतून निघायचा, एका लांब बाजूने चालत टोकाशी यायचा, तिन्ही दुकानांवरून जायचा आणि दुसऱ्या लांब बाजूने खाली उतरून शाळेत पोचायचा. सकाळी असा, संध्याकाळी उलटा. आणि शिकवायचा काय? भूमिती! त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असते, हे पोरांकडून घोकून घेणारा मास्तर रोज दोनदा स्वतःच्याच पायांनी ते प्रमेय तुडवत होता. चालायचा इतका ताठ की पोरांनी नाव ठेवलं होतं, काटकोन.

आखूड बाजूवर लाकडाची वखार होती, आणि वखारीपुढे एक काळा कुत्रा पडलेला असायचा. फ्रेमवालीचं म्हणणं, मास्तर त्याला घाबरतात.

"लाव पैज!" काका म्हणाले.

"लावली!"

लाँड्रीवाल्या मावशी इस्त्री हातात घेऊनच बाहेर आल्या. "थांबा. पैज माझ्यासमोर लागेल, आणि निकालही मीच देणार. नाहीतर तुम्ही दोघं लबाड, उद्या शब्द फिरवाल."

अटी तिथल्या तिथे ठरल्या. शाळेला सुट्टी लागायच्या आत मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं पाहिजे, ते कुणासाठी येतात ते. काकांनी त्यांना विचारायचं नाही, सुचवायचं नाही. कबूल केलं तर काका जिंकले, नाही केलं तर फ्रेमवाली. आणि हरणाऱ्याने काय करायचं, हे सांगताना मावशींच्या गालांवर खळ्या पडल्या. काकांच्या दुकानात एक लाल कोट लटकत होता. एका बँडवाल्याने शिवायला टाकलेला. कोट तयार होईस्तोवर त्याचा बँडच मोडला. खांद्यांवर सोनेरी झालर, पितळी बटणं, आणि पोटाचा घेर असा की आत दोन माणसं सुखाने संसार करतील. हरणाऱ्याने तो कोट घालायचा, थाळी वाजवत भर गर्दीत बागेच्या तिन्ही बाजूंनी फिरायचं, आणि ओरडायचं, "मी हरलो!"

"किंवा हरले," काका म्हणाले.

"हरलोच," फ्रेमवाली म्हणाली आणि करवत सोडवायला लागली. ती काही केल्या सुटेना.

दुकानाच्या मागच्या बाजूला तिचे अप्पा काच कापत बसले होते. दुकान त्यांचंच, पण हल्ली डोळे साथ देईनात म्हणून मापं तिच्याकडे आणि काच त्यांच्याकडे. काच ते नजरेपेक्षा हातानेच कापायचे. मान वर न करता ते म्हणाले, "पोरी, एक विचारू?"

"विचारा ना."

"पुढची काच तू सकाळी पुसतेस. संध्याकाळी पुन्हा पुसतेस. मास्तर जायच्या वेळेलाच तिच्यावर धूळ कशी गं बसते?"

"अप्पा!"

"नाही, पुसायला हरकत नाही. पण झिजेल एखाद दिवशी."

खरं सांगायचं तर फ्रेमवालीने पैज डोकं चालवून लावली होती. हो म्हणायचं, आणि तसं काही नसलंच तर? अख्ख्या कोपऱ्यासमोर तोंड लपवत फिरायचं? त्यापेक्षा नाही म्हणावं. मास्तर तिच्यासाठी येत नसतील तर निदान पैज तरी जिंकता येईल. आणि येत असतील तर... तर एक लाल कोट घालायला तिची काय हरकत होती! पण हे ती स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलली नाही.

शिंपीकाका कामाला लागले. शिवणाच्या नव्हे, पैजेच्या. दुसऱ्याच दिवशी वखारवाल्याची पँट फुकट आल्टर करून दिली आणि बदल्यात कुत्रा मागच्या अंगणात बांधून घेतला. सकाळी तिघेही आपापल्या दारात काहीतरी करत असल्याचं सोंग करत उभे. आणि बागेच्या कडेने, ताठ, काखेत लाकडी गुण्या, मास्तर आले.

"मास्तर," मावशी शर्टावर पाणी शिंपडत म्हणाल्या, "वखारीतला कुत्रा बांधला बरं का आता."

"हो का? बिचारा," मास्तर म्हणाले. "कालच मी त्याला बिस्कीट घातलं होतं."

आणि पुढे गेले. फ्रेमवालीच्या काचेसमोर त्यांची मान जराशी, अगदी जराशी वळली. काटकोनाचा किंचित विशालकोन झाला आणि पुन्हा काटकोन.

"बिस्कीट!" काका टुणकन उडाले. "बिस्कीट घालतो म्हणे! घाबरतो का कुणी बिस्कीट घालून?"

"सावली," फ्रेमवाली म्हणाली. "या बाजूला झाडांची सावली पडते. उन्हाचं कोण जाईल तिकडून?"

मग तीन दिवस सलग आभाळ भरून राहिलं. ऊन नाही, सावली नाही. मास्तर आले. फ्रेमवाली म्हणाली, चालणं तब्येतीला चांगलं. मग एके दिवशी मास्तरांचा पाय मुरगळला. लंगडत आले. दोन्ही लांब बाजू लंगडत! मावशींनी इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, आता तरी?"

"सवय," फ्रेमवाली म्हणाली. पण या वेळी आवाज जरा खाली आला होता. मास्तर झाडांआड जाईपर्यंत ती त्या लंगडणाऱ्या पायाकडे बघत होती, आणि ते काही सवयीमुळे नव्हतं.

मग तो पावसाचा दिवस. पाऊस म्हणजे झोड नव्हे, नुसती रिमझिम, चष्म्यावर थेंब बसतील एवढी. संध्याकाळी मास्तर आले ते थेट दुकानाच्या पायरीवर चढले. काकांचं मशीन थांबलं. मावशींची इस्त्री थांबली. जगच थांबलं म्हणा ना.

"येऊ का?" मास्तरांनी चष्मा काढून विचारलं. चष्म्याविना त्यांचे डोळे जरा गोंधळल्यासारखे दिसत. फ्रेमवालीला वाटलं, असेच असावेत.

"या ना. काय हवं?"

"एक... चौकट."

"कशाची? फोटो? आणलाय?"

"फोटो नाही. नुसती चौकट. तिकोनी."

"तिकोनी?"

"तिन्ही बाजू सारख्या. आणि एक चौकोनीही. पण चौकोनीच्या कोपऱ्यांना एकेकच बारीक खिळा मारा, सरस नको. वर्गात दाखवायची आहे. चौकोन हाताने दाबला की कलतो, तिरपा होतो. त्रिकोण नाही. तीन बाजू एकदा ठरल्या की त्याचा आकार कुणाच्या बापाला बदलता येत नाही."

"हे काय मला ठाऊक नाही?" ती म्हणाली. "मोठ्या चौकटीच्या मागे कोपऱ्यात आम्ही तिरपी पट्टी ठोकतो ती काय शोभेला?"

मास्तर हसले. "मग पोरांना तुम्हीच शिकवा. मी करवत धरतो."

"तुमचं बोट जाईल."

"मग तुम्ही बांधून द्याल."

तिने मान खाली घातली आणि माप लिहायला पेन्सिल शोधायला लागली. पेन्सिल कानावरच होती. मास्तरांनी ती कानावर असल्याचं बोटाने दाखवलं, पण हात पुढे आला नाही. हवेतच थांबला, आणि मागे गेला.

मास्तर जाताच काका दारात हजर. "काय म्हणाला? काय म्हणाला?"

"काम दिलं," ती म्हणाली. "बघा, कामासाठी येत होते. हरलात तुम्ही!"

"इतके महिने रिकामे हात हलवत यायचा, आणि काम आज सुचलं?" मावशी म्हणाल्या. "निकाल राखून ठेवलाय!"

चौकोन झटक्यात झाला. त्रिकोणाने मात्र फ्रेमवालीची पुरती जिरवली. तिच्या हाताला एकच कोन माहीत होता. पट्टी साच्यात धरायची, पंचेचाळीसवर तिरकी करवत मारायची, दोन पट्ट्या जुळवल्या की काटकोन. लहानपणापासून हेच. तिने तीन सारख्या पट्ट्या घेतल्या, हात आपोआप साच्याकडे गेला, आणि मास्तर विचारायला आले तेव्हा मेजावर दोन पट्ट्या काटकोनात जुळलेल्या आणि तिसरी कुठेच बसत नव्हती. माहेरी रुसून आलेल्या बहिणीसारखी बाजूला पडून होती.

मास्तरांनी पाहिलं. ओठ घट्ट मिटले. पण खांदे हलत होते.

"हसा," ती म्हणाली. "मोकळेपणाने हसा. पट्टी माझी वाया गेलीय."

"हसत नाही. तीन कोनांची बेरीज..."

"एकशे ऐंशी. माहीत आहे! तिन्हीकडे काटकोन काढला तर त्रिकोण कसा होणार. आत्ता कळतंय. कापताना कुठे कळलं?"

"चूक हाताची नाही," मास्तर हळूच म्हणाले. "जन्मभर चौकटीच केल्यात. साठाचे निम्मे तीस. तीसवर कापा, होईल."

तिने उरलेल्या पट्ट्या घेतल्या. साच्यात तीसची खाच नव्हतीच, म्हणून मास्तरांचा गुण्या धरून तिने खूण केली. गुण्या एका बाजूने त्यांनी दाबून धरला, एका बाजूने तिने. लाकडाचा ताजा वास. बाहेर टपटप. पट्ट्यांची टोकं या वेळी लांब आणि अणकुचीदार निघाली. तिन्ही जुळवल्या आणि... बसल्या! फटीतून उजेडसुद्धा जाईना.

"आता गंमत बघा," मास्तर म्हणाले. "जोडाच्या या तीन तिरप्या रेघा आहेत ना, त्या आत वाढवल्या तर तिन्ही एकाच ठिकाणी भेटतात."

"बाजू सारख्या आहेत म्हणून."

"नाही. वाकडातिकडा त्रिकोण घ्या, कसाही. प्रत्येक कोनाचे दोन सारखे भाग करा. तिन्ही रेघा एकाच बिंदूत. चुकत नाहीत कधी."

"कशावरून?"

"सिद्ध करता येतं."

"तुम्हाला सगळंच सिद्ध करता येतं वाटतं."

"सगळं नाही," मास्तर म्हणाले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "काही गोष्टींत... पहिली ओळच लिहिता येत नाही."

आतून अप्पांची काच कट्ट करून तुटली. सरळ, छान तुटली, पण दोघंही दचकले. मास्तरांनी दोन्ही चौकटी उचलल्या, चौकोन हातात लगेच कलला, आणि ते "येतो" म्हणून निघूनसुद्धा गेले.

ते गेल्यावर तिने वाया गेलेल्या पट्ट्यांतून एक वेडावाकडा त्रिकोण जुळवला. काकांकडून लाल दोरा मागून आणला. प्रत्येक कोपरा मोजून निम्मा केला आणि तिथून दोरा ताणला. एक. दोन. तिसरा ताणताना तिने श्वास रोखून धरला होता. कुठून कुठे निघालेले दोरे... आणि तिसराही बरोबर त्या दोघांच्या गाठीवरून गेला! ती बघतच राहिली. तिने आणखी एक त्रिकोण केला, पहिल्यापेक्षा बेढब. पुन्हा तेच.

"दोरा कशाला हवा होता गं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. एका ठिकाणी भेटतात का ते बघत होते."

"कोण?"

"काका, तुमचं मशीन चालवा!"

ते दिवस आठवले की अजून वाटतं, कोपरा होता तो काय कोपरा होता! कुणाला घाई नव्हती. एका माणसाची मान किती वळली यावर तीन दुकानांत दिवसभर चर्चा चालायची. आता तिथे फोनची कव्हरं मिळतात, आणि जाणाऱ्याची मान आधीच खाली असते, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. असो.

सुट्टी जवळ आली. आणि एका संध्याकाळी मास्तर पायरीशी थांबले. चढले नाहीत.

"एक सांगायचं होतं."

मावशींनी शर्टाची बाही पुन्हा पुन्हा इस्त्री केली. काका दारातच सुईत दोरा ओवत होते, सुई नसताना.

"शाळेने आवारातच खोली दिलीय. प्रयोगशाळेच्या मागे. सोमवारपासून तिथेच राहायला जातोय."

"म्हणजे..." ती म्हणाली.

"म्हणजे आता चालायला नको. दार उघडलं की वर्ग."

तिच्या तोंडातून जे निघालं ते तिचं तिलाही पटलं नाही. "बरं झालं. पायाला आराम."

"हो," मास्तर म्हणाले. तिने काच पुसायला घेतली. मास्तर म्हणाले, "बरं," आणि गेले. काटकोन होता तो, पण त्या दिवशी पाठ जरा वाकलेली होती.

सोमवारी सकाळी मास्तर आले नाहीत. ते येणार नव्हतेच, सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तिघांनी आपापल्या दारात उभं राहायचं ते राहिलंच. संध्याकाळीही नाही. काच इतकी स्वच्छ होती की एक पाखरू येऊन आपटलं. अप्पा काच कापणं थांबवून बसले.

अंधारायच्या आधी काका आले. गळ्यातली टेप काढून मुठीत गोळा केलेली. खाली बघत म्हणाले, "पोरी, मी हरलो."

"काय?"

"हरलो म्हटलं ना. माझाच अंदाज चुकला. कोट मी घालतो. उद्याच घालतो. तू हस, टाळ्या वाजव, झालं गेलं विसरून जा."

फ्रेमवाली अशी उसळली की हातातला पुठ्ठा दुमडला. "खबरदार! खबरदार कोटाला हात लावलात तर! मुदत कुठे संपलीय? सुट्टी लागली का? नाही ना? मग तुम्ही अजून हरलेला नाहीत!"

"अगं, पण तूच जिंकतेयस!"

"मला नाही जिंकायचं!"

बोलून गेली. बोलून गेली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मावशी पलीकडून आल्या, काकांच्या हातातली टेप काढून घेतली आणि त्यांच्या गळ्यात परत घातली. "चला हो," म्हणाल्या, "निकाल राखून ठेवलाय."

मंगळवारी तिने काच पुसली नाही. सकाळी दाराकडे पाठ करून काम करत होती. तेवढ्यात काकांच्या मशीनचा आवाज बंद पडला. मग मावशींनी इस्त्री ठेवल्याचा ठक्क आवाज आला. तिने मागे पाहिलं.

बागेच्या कडेने, नेहमीच्या वेळेला, काखेत गुण्या, मास्तर येत होते. पण उलट बाजूने! सकाळी खोलीकडून यायचे, ते आज शाळेकडून. ती पायरीवर आली.

"मास्तर, कुठून आलात?"

"शाळेतून."

"आणि निघालात कुठे?"

मास्तरांनी गुण्या दुसऱ्या काखेत घेतला. "शाळेत."

काकांच्या तोंडातून टाचण्या खाली सांडल्या.

"काल का नाही आलात?"

"काल फाटकापर्यंत आलो होतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पण येण्याला कारण सापडेना. पूर्वी निदान शाळेत पोचायचं असायचं. काल सुचेना म्हणून परत फिरलो. वर्गात फळ्यावर त्रिकोण काढला आणि त्याच्या टोकांना चार नावं दिली. पोरं हसली." त्यांनी चष्मा काढला. "आज म्हटलं, कारण नाही तर नाही. निघायचं. इथून जुन्या खोलीपर्यंत जाणार, आणि वखारीवरून शाळेत परत. जिथून निघालो तिथेच पोचणार. याला कुणी विचारलं कशाला, तर... तर एकच उत्तर उरतं."

"कोणतं?" तिने विचारलं.

"तुम्ही."

"मोठ्याने बोला."

"अं?"

"मोठ्याने बोला, मास्तर. मावशींना ऐकू जायला हवं."

"मावशींना?"

मग तिने पैज सांगितली. कुत्रा, सावली, तब्येत, सवय, लाल कोट, सगळं. सांगताना कानाच्या पाळ्या तापल्या. मास्तर ऐकत गेले आणि त्यांच्या गालावर हळूहळू एक खट्याळ रेघ उमटली. या माणसाला ती येत असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"थांबा. म्हणजे मी बोललो तर तुम्ही हरणार?"

"हो."

"कोट घालून, थाळी वाजवत फिरणार?"

"हो."

"मग मी नाही बोलत. तुमची फजिती माझ्याने बघवणार नाही."

"मास्तर!"

"नाही म्हणजे नाही. मला तुमची काळजी आहे."

"अहो, बोला ना! हरायचंय मला!"

मास्तर हसले, मग हसता हसता गंभीर झाले. गुण्या खाली ठेवला. मावशींकडे वळले, वर्गात फळ्यासमोर उभे राहावं तसे उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी इतके महिने या वाटेने आलो, ते हिला बघायला. पुढेही येणार. हिची हरकत नसेल तर जन्मभर येणार!"

"हरकत नाही," आतून अप्पा म्हणाले.

"अप्पा, मला विचारलंय!"

"मग सांग की. मी कधीचा थांबलोय."

तिने सांगितलं. मावशींना ते ऐकू गेलं नाही, पण मास्तरांना गेलं, आणि या बाबतीत निकाल त्यांच्याकडे होता.

पैज म्हणजे पैज. त्याच संध्याकाळी, शाळा सुटायच्या वेळेला, काकांनी कोट झटकला आणि फ्रेमवालीच्या अंगावर चढवला. बाह्या गुडघ्यांशी. झालर कानांना गुदगुल्या करत होती. पोटाच्या जागी एवढी पोकळी की मावशी म्हणाल्या, "थांब, आत उशी भरू का?" थाळी हातात आली, पळी आली, आणि वरात निघाली.

ठण्! ठण्! "मी हरले!"

पहिली लांब बाजू. खिडक्या उघडल्या. न्हाव्याकडचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बाहेर आलं. काका पुढे हात जोडत, जिंकल्याचा मान घेत चालले होते, जसं काही निवडणूकच मारली. मास्तर तिच्या शेजारी, ताठ. शाळेच्या फाटकाशी पोरांची झुंबड. "काटकोन! काटकोन लाजला!" मास्तर खरंच लाजले होते. तिने थाळी आणखी जोरात वाजवली.

मग वरात वळली, त्या आखूड बाजूवर. मोठी झाल्यापासून फ्रेमवालीला इकडे काही कामच पडलं नव्हतं. लहानपणी इथे पळायची तेव्हा ती वाट तिला केवढी तरी वाटायची. तिने कोट सावरला, थाळी उचलली, एकदा "मी हरले" म्हणाली, वखार गेली, दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं... आणि समोर मास्तरांच्या जुन्या खोलीचं दार.

ती थांबली. मागे वळून पाहिलं. शाळेचं फाटक तिथेच होतं, हाकेच्या अंतरावर. फाटकावर चढलेल्या पोरांचे दातसुद्धा दिसत होते. मग पुढे पाहिलं. दुसरी लांब बाजू झाडांच्या कडेने जात, जात, जात होती, आणि तिच्या टोकाला तिचं दुकान काडेपेटीएवढं दिसत होतं.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "एवढाच रस्ता होता?"

"एवढाच."

"पाय मुरगळला होता तेव्हासुद्धा..."

तिच्या कोटाची लांब बाही वाऱ्यावर फडफडत होती, तिचं टोक मास्तरांनी धरलं आणि एक घडी घातली, मग दुसरी, मग तिसरी. आतून तिची बोटं बाहेर निघाली.

"पोरी, थांबलीस का?" काका पुढून ओरडले. "अख्खी एक बाजू बाकी आहे! ऐकू येत नाहीये कुणाला!"

फ्रेमवालीने डोळे पुसले, थाळी डोक्यावर धरली, आणि असा काही दणका दिला की झाडांवरची सगळी पाखरं उडाली.

"हरले!" ती ओरडली. "मी हरले, हरले, हरले!"